वच्छीची काच

नंदाचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "मावशी, आई गेली गं..." एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलवेना. मलाही बोलवेना, पण वेगळ्या कारणानं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बघा, इथंही हीच पुढं! मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. रीतीनं आधी माझा नंबर होता. रडू आलं ते नंतर, सूप बाजूला ठेवल्यावर. आता सहा आठवडे होत आले. माणसं भेटायला येतात आणि म्हणतात, तुमची बहीण किती गुणाची होती हो. मी मान हलवते. गुणाची होतीच. माझा सगळा त्रास तोच तर होता.

वत्सला माझी चुलत बहीण. आमचे वडील सख्खे भाऊ, काष्टीला एकाच अंगणात दोन चुली. घरात सगळे तिला वच्छी म्हणायचे आणि ती मला लीलाक्का. ती गोरी, नाजूक, पाण्याला भिणारी. मी काळीसावळी, हाडापेरानं थोराड, आणि डोक्यावर केस इतके की अंबाडा घातला की वच्छी म्हणायची, "अक्का, तुझ्या डोक्यावर दुसरं डोकं बसलंय." पण मळ्यातल्या विहिरीत माझी बरोबरी करणारं कुणी नव्हतं, पोरंसुद्धा नाहीत. कुणाची घागर सुटली, कळशी बुडाली, की मला हाक यायची. मी कासोटा घट्ट खोचून वरच्या पायरीवरून सूर मारायची आणि तळाचा गाळ चाचपून भांडं घेऊन वर यायची. वच्छी तेव्हा काठावर बसून माझे कपडे सांभाळायची. मला वाटायचं, जन्मभर हे असंच चालणार, मी पाण्यात आणि ती काठावर.

एकाहत्तर साली मला बघायला पाहुणे आले. मुलगा श्रीगोंद्याजवळचा, दत्तात्रय नाव, पण नोकरी पार अंदमानात. तिथल्या सरकारी लाँचवर तो इंजिन सांभाळायचा. आदल्या दिवशी आईनं मला बजावलं होतं, "काय बी इचारलं तर खाली बघून बोलायचं. अन् त्या हिरीचं नाव काढायचं न्हाई. पोरगी मोकाट हाय म्हनतील." मी नटूनथटून पाटावर बसले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, वाचता येतं का, असले नेहमीचे प्रश्न झाले. मग तो मुलगाच म्हणाला, "पोहता येतं का? तिकडं सगळीकडं पाणीच आहे. कुठं जायचं तर बोटीनंच जावं लागतं." मला वाटलं, कुणीतरी माझ्याबद्दल चुगली केलेली दिसते आणि हा माझी परीक्षा बघतोय. मी पाटावरची नक्षी बघत म्हणाले, "छे, मी तर हिरीकडं फिरकत बी न्हाई."

तो हिरमुसला. त्याचं तोंड उतरलेलं मला खालमानेनंही दिसलं आणि माझं काय चुकलं ते मला कळेना. तेवढ्यात वच्छी पाण्याचे पेले घेऊन आली. आमच्याकडे एका घरात लग्नाच्या दोन मुली असल्या की पाहुण्यांना दुसरीही दाखवून ठेवायची पद्धत. पाहुण्यांतले कुणी वडीलधारे हसत म्हणाले, "आणि हिला येतं का गं पोहायला?" वच्छीनं, जी गुडघाभर पाण्यातही माझा पदर धरून उभी राहायची त्या वच्छीनं, सरळ त्या मुलाकडं बघून सांगितलं, "येतं की." आठ दिवसांत निरोप आला. धाकटी पसंत आहे.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वच्छी गोठ्यामागं मला गाठून उभी राहिली. डोळे सुजलेले. "लीलाक्का, मला पवायला शिकव. लगीन म्हैन्यावर आलंय." मी म्हटलं, "आन थापा मारताना न्हाई का आठवली अक्का?" ती म्हणाली, "तू न्हाई म्हनलीस, अन् ते उठाया लागलं... मला वाटलं आपल्या घरची सोयरीक मोडती." हे तिचं म्हणणं खरं होतं की नाही, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण मी तिला शिकवलं. खरं कारण ऐका. मला तिला बुडताना, नाकातोंडात पाणी जाताना बघायचं होतं. दुपारी मळ्यात सामसूम असे. तिच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधायचे, पुढून हनुवटीखाली मी हात धरायचा आणि तिनं पाय मारायचे. सात-आठ दिवस ती नुसती किंचाळायची. नवव्या दिवशी भोपळे सोडले. हनुवटी माझ्या तळव्यावर, अंग सगळं पाण्यावर, आणि डोळे माझ्यावर लावलेले. त्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की मला चीड आली. मी हात काढून घेतला. शिकवायचं म्हणून नव्हे, हो... रागानं काढून घेतला. आणि ती तरंगली. चार हात मारून पायरीला लागली आणि ओरडली, "अक्का, आलं मला! आलं!" मी हसले. हसावंच लागलं.

ती बोटीत बसून निघून गेली आणि इकडं बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या त्याच विहिरीच्या तळाला भेगा गेल्या. लग्नकार्यं थांबली, माझंही थांबलं. आम्ही घरच्या सगळ्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तिथं खायला सुकडी मिळायची, आणि टँकर आला की हंडे घेऊन धावाधाव. अशाच एका दुपारी वच्छीचं पाकीट आलं. माझ्या चुलतीला, म्हणजे वच्छीच्या आईला वाचता येत नव्हतं. म्हणून खडीच्या ढिगाआड बसून मी मोठ्यानं वाचायला लागले आणि सगळ्या बायका भोवती जमल्या.

दोन पानं होती. तिनं लिहिलं होतं की एका रविवारी लाँचवरच्या माणसांनी आपापल्या बायकापोरांना घेऊन एका लहानशा बेटावर सहल काढली. सकाळी डबे घेऊन निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. बेटावर माणूस नाही, घर नाही. माडाची झाडं, पांढरी वाळू आणि पाणी असं नितळ की लाँचची सावली खाली तळावर पडलेली दिसत होती. तिथं तिच्या नवऱ्यानं तिला डोळ्यांवर आणि नाकावर बसणारी एक रबरी काच दिली आणि तोंडात धरायला नळी. आधी दोन दिवस घरी घंगाळ्यात तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायचा सराव करून घेतला होता म्हणे. मग ती लुगड्याचा कासोटा मारून समुद्रात उतरली, पालथी तरंगली आणि खाली बघितलं. "आई, पाण्याखाली फ्लॉवरचा मळा आहे. जांभळा, पिवळा, हिरवा. त्यातून मासे हिंडतात, काही हळदीसारखे पिवळे, काहींच्या अंगावर इरकली लुगड्यासारखे पट्टे. काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. हात पुढं केला तर माझीच बोटं मला ओळखू येईनात."

बायका हातोड्या खाली ठेवून ऐकत होत्या. माझे ओठ वाळून फुटलेले, पदरात दगडाची कच, आणि मी फ्लॉवरचा मळा वाचत होते. आजकाल नातवंडं तारकर्लीला जाऊन येतात, स्नॉर्केलिंग की काय ते करतात आणि मला मोबाईलवर फोटो दाखवतात. मी कौतुक करते. पण त्या दुपारी माझ्या पोटात जे पेटलं, त्याची धग अजून गेलेली नाही. ते पाणी माझं होतं. ती काच माझ्या डोळ्यांवर बसायची होती. मी एक "हो" म्हटलं असतं, तर...

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी इकडं यायच्या आहेत. त्यांच्या सोबतीनं लीलाक्काला पाठवा. काकांना सांगा, नाही म्हणू नका. तिला त्या बेटावर न्यायचं आहे. ती माझ्यापेक्षा खोल जाईल. तिच्यासाठी काच जपून ठेवली आहे. मी वाट बघते."

हे मी वाचलं नाही. म्हणजे मनात वाचलं, मोठ्यानं नाही. "बाकी सगळं खुशाल हाय, म्हनती," असं म्हणून मी पान घडी करून कमरेला खोचलं. जिथं मी मालकीण म्हणून जायची, तिथं मी बाळंतिणीची सोबतीण म्हणून जाऊ? तिनं बोट धरून मला समुद्र दाखवायचा? त्या दिवशी घरी आल्यावर ते पान मी चुलीत घातलं. वच्छीच्या सासूबाई एकट्याच गेल्या.

पुढच्या वर्षी वच्छी तान्ह्या नंदाला घेऊन माहेरी आली. चांगला पाऊस झाला होता, विहीर भरली होती. ट्रंक उघडून तिनं शिंपले वाटले, शंख वाटले. टॉवेलात गुंडाळलेली ती काचही बाहेर काढली आणि मांडीवर ठेवून मला विचारलं, "अक्का, का गं न्हाई आलीस? मी धक्क्यावर आले हुते." मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "कुठं यायचं? मला काय ठावं? तुझं पत्रच न्हाई आलं." तर तिकडून काकू बोलली, "अगं असं कसं? खडीवर हिनंच तर वाचून दावलं, ते फ्लावरच्या मळ्याचं..."

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. वच्छीनं माझ्याकडं एकदा बघितलं, थोडा वेळ... आणि तिला सगळं कळलं. मग ती आईला म्हणाली, "दोन पानं हुती गं. पोस्टाचं काय सांगता येतंय, दुसरं गळालं असंल कुठंतरी." असं म्हणून तिनं काच टॉवेलात गुंडाळली, ट्रंकेत ठेवली आणि कडी लावली. म्हणजे माझी लाज राखायची, तेही तिलाच जमलं. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर आमचं फिटलं असतं. तिनं दिल्या नाहीत, आणि ती काच मला दिली नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. परत घेतली तिनं.

पुढं माझं लग्न श्रीगोंद्याला एका मास्तरांशी झालं. माणूस चांगला होता, संसार चांगला झाला. पण काष्टी ते श्रीगोंदा हा माझा जन्माचा प्रवास. एसटीत बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. वच्छी तिकडं तीस वर्षं राहिली आणि नवऱ्याच्या निवृत्तीनंतर काष्टीला येऊन घर बांधलं. लग्नात, बारशाला आम्ही भेटायचो. पापड करताना शेजारी बसायचो. ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागायची आणि मी पहिल्यासारखं वागल्याचं दाखवायची. बेटाचा विषय दोघींनी कधी काढला नाही. शेवटची भेट दिवाळीनंतर झाली. ती अंथरुणाला खिळलेली, हात पातळ कागदासारखे. माझा हात तिनं ओढून घेतला आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरला. "आठवतं का?" म्हणाली. मी म्हटलं, "वच्छे, मी तवा हात मुद्दाम काढला हुता गं." ती डोळे मिटून म्हणाली, "ठावं हाय मला. काढला नसतास तर मला आलं असतं व्हय पवायला?" पत्राचं मात्र मला तेव्हाही बोलता आलं नाही.

गेल्या आठवड्यात नंदा येऊन गेली. जाताना तिनं पिशवीतून एक टॉवेल काढून माझ्या मांडीवर ठेवला. उघडायच्या आधीच मला कळलं. काच धुरकटली होती, पण रबर अजून शाबूत होतं. वच्छी दर वर्षी ट्रंक उघडून त्याला टाल्कम पावडर लावून ठेवायची म्हणे. डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यात मधेच सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा जाड दोऱ्यानं शिवून जोडलेला होता. मी नंदाला विचारलं, "हे ठिगळ कशाला गं?"

"तो तुकडा ना? माझ्या जन्माच्या आधी, आजी तिकडं येणार होती तेव्हा आईनं बाबांकडून जोडून घेतला होता. त्यामुळं आईला ती काच पुन्हा कधी घालताच आली नाही, डोक्यावरून घसरायची. मी किती वेळा म्हटलं, काप तो. तर म्हणायची, राहू दे, मोठ्या अंबाड्याच्या माणसाचं माप आहे ते."

नंदा गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि न्हाणीतलं घंगाळं काठोकाठ भरलं. काच डोळ्यांवर बसवली, पट्टा अंबाड्यावरून मागे घेतला. तो सरळ खाली घसरला आणि गळ्यात येऊन पडला. माझा अंबाडा आता लिंबाएवढा राहिलाय. पुन्हा बसवला, पुन्हा घसरला. शेवटी एका हातानं पट्टा मागून घट्ट धरला आणि तोंड पाण्यात घातलं. तांब्याचा लालसर तळ दिसला. दुसरा हात आत घातला. माझीच बोटं, पण केवढाली, केवढी जवळ... तिनं लिहिलं होतं तशीच. नळी नव्हती, त्यामुळं दम होता तेवढंच बघितलं. दोन्ही हात मोकळे असते तर आणखी बघता आलं असतं, पण पट्टा मागून धरायला कुणीतरी हवं होतं.