किल्ल्यातला बघण्याचा कार्यक्रम

आमच्या आत्याला माणूस ओळखायला पिंजरा लागायचा. घरात मुलगी बघायला कुणी आलं, की पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत ही चप्पल पायात सरकवून उभी! "चला की पाव्हनं, आमचा किल्ला दावते!" सोलापूरच्या किल्ल्याच्या बागेतलं प्राणिसंग्रहालय आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तटाच्या सावलीत हरणं, मोर, माकडं आणि एक बिबट्या. पाहुण्यांना वाटायचं, काय हौशी बाई! तिथं त्यांची परीक्षा चालू आहे, हे फक्त आम्हा बहिणींना माहीत.

"घरात समदी शानी बसत्यात. जाळीम्होरं उबा केला की खरा मानूस भाईर येतोय," असं ती म्हणायची.

अक्कलकोटहून माझ्यासाठी आलेला मुलगा देखणा, नोकरी तर विचारूच नका. बाबा खुशीत. पण सेल्फीसाठी त्यानं झोपलेल्या बिबट्याला उठवायला जाळीवर अंगठी खडखडवली. झालं! आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "निजल्याला उटवतंय. उद्या तुला बी निजू देनार न्हाय. नगं हे." बाबांनी कपाळाला हात लावला, पण नकार गेला.

मग मोडनिंबचा आला. हा मला पाहताक्षणीच आवडला. वाटेत मी देवाला सारखी विनवत होते, याला पास कर रे बाबा! आणि हा पठ्ठ्या माकडांच्या जाळीला नाक लावून उभा. एका माकडिणीनं हात बाहेर काढून त्याचा चष्माच ओढला! त्याचे वडील काठी शोधायला धावले. तो मात्र लाजून म्हणाला, "राहू द्या हो आबा, मीच लई जवळ गेलो की."

"ठरलं!" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली, की मोर दचकले. परतताना चष्म्याविना त्याला मी धड दिसतही नव्हते, तरी होकार आला.

लग्नानंतर मी निघाले तेव्हा सगळे रडत होते, आत्या तेवढी हसत होती. ती स्वतः लग्नाच्या वर्षभरातच अंगावर वळ घेऊन माहेरी परतली होती. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आत्या, तुझ्या वेळी गं?"

"मला कोन न्हेतंय किल्ल्यात? घरातच पोहं खाल्लं, उटले, ठरलं."

मला हुंदका आवरेना. तिनं माझा पदर सारखा केला.

"तुजं मी नीट बगितलंय. जा आता."