उज्ज्वलाच्या काचेतलं सूर्यफूल

आज लक्ष्मीपूजन झालं, आरती झाली, तरी माझा राग उतरलेला नाही. म्हणून लिहिते.

उज्ज्वला माझी धाकटी जाऊ. गणितात बी.एस्सी. झाली, पण यवतमाळात तिला ओळखतात रांगोळीसाठी. सीताफळाचे खवले असोत की गोगलगायीचा शंख, हाती आलं की मोजत बसते. सासूबाई म्हणायच्या, "हिला शेंगा सोलायला देऊ नका, जेवण संध्याकाळी मिळेल."

यंदा तिला पहिल्यांदाच एका मोठ्या साडीच्या दुकानाची दर्शनी काच सजवायला मिळाली. ही जमली तर लाईनीतली बाकीची दुकानंही बोलावणार होती. तीन दिवस राबली. नेरच्या शेतातलं खरं सूर्यफूल समोर ठेवून ब्लाऊजपीसच्या गुंडाळ्या फळीवर खोचल्या. बियांच्या तेरा ओळी उजवीकडे वळणाऱ्या, एकवीस डावीकडे. तिनंही अगदी तशाच मांडल्या. पाहिलं आणि माझे हात आपसूक जोडले गेले.

वसुबारसेला सकाळी तिच्यासोबत गेले, तर फुलाची पार चाळण झालेली! मालक नंदकिशोर खाली बघत उभा. त्याचे वडील वामनराव गादीवरून म्हणाले, "म्या काढल्या त्या डाव्या ओळी. उलटी प्रदक्षिणा हाय ते. लक्ष्मी दारातूनच वापस जाईन."

"आणि उजव्या कुठे गेल्या, काका?" उज्ज्वलानं विचारलं.

"त्या तूच बराबर लावल्या नसन. आपोआप तुटल्या."

अहो, तीच गुंडाळी डाव्या ओळीत असते आणि तीच उजव्या ओळीतही! डावी ओळ उपसली की उजवी तुटणारच. माझ्यानं राहवलं नाही. "वामनराव, तीस वर्षं पूजा करते मी. हे शेतातलं फूल देवानं केलंय. त्याचीही प्रदक्षिणा चुकली का?"

"बाई मानसानं मधात बोलू नये."

"मग साड्या कोणाले विकता? घोड्यांले?"

काउंटरवरच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. उज्ज्वलानं मात्र शांतपणे ते खरं सूर्यफूल वामनरावांच्या हातात दिलं. "काका, डाव्या ओळीत आहे पण उजव्या ओळीत नाही, अशी एक बी दाखवा. दाखवली तर बाकीचं मी स्वतः उपसते."

वामनरावांनी चष्मा चढवला, नखानं बिया चाचपल्या, फूल दोनदा फिरवलं. मग गादीवर आपटलं. "कायले मोजू? दुकान माह्यं हाय."

नंदकिशोर पुटपुटला, "ताई, नुसत्या उजव्या करून द्या ना. बाबांचं मन राहील."

"होतच नाही तसं," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातली आपल्या नावाची पाटी काढून पिशवीत टाकली.

आता त्या काचेत साड्या नेसवलेल्या तीन पुतळ्या उभ्या आहेत. दुसऱ्या कुठल्याच दुकानाचं बोलावणं आलं नाही. आज फराळाची ताटं भरताना मी म्हणून गेले, "लावून द्यायच्या होत्या गुंडाळ्या कशातरी गोल-गोल. काम तर हातचं गेलं नसतं."

तिनं ताट खाली ठेवलं. "ताई, तुम्हीसुद्धा?"

बरोबर बोलली. वामनरावांवर चिडणं सोपं होतं.