पाखरांचे रंग सांगणारे काका

पाखराला रंग देण्याआधी देव आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांची सही घेतो, याबद्दल धंतोलीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना तरी शंका नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. काका दिवसभर एका दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत आणि उरलेला वेळ मागच्या व्हरांड्यातल्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यांपुढे काढत. मादी मडक्यात अंड्यांवर बसली की काका जोडीच्या सात पिढ्या आठवत, पिल्लांचे रंग एका चिठ्ठीवर लिहीत आणि तिची औषधासारखी पुडी करून मडक्याला बांधत. पिल्लांना पिसं फुटली की गल्लीसमोर पुडी उघडायची. हिरव्या नर-मादीला निळं पिल्लू होईल असं त्यांनी लिहिलं होतं, तेव्हा माझे वडील हसले होते. ते पिल्लू निळं निघालं. "हिरव्याच्या पोटात निळा लपून राहते," काका शांतपणे म्हणाले. त्या दिवसापासून वडीलही पुडी उघडायला वेळेवर हजर राहू लागले.

उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर पाखरांकडे तोंड करून चाले. काकू वारा लागावा म्हणून दुपारी पिंजऱ्याशेजारी चटई टाकत. दवाखान्यात काकांची कीर्ती खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटांपर्यंत पोचली आणि बायका मुलगा होईल की मुलगी, हे त्यांना विचारू लागल्या. काका लाजेने लाल होत आणि आपण फक्त पाखरांचं पाहतो, असं सांगून दुसऱ्या पुडीला लागत.

त्यांचा अंदाज माझ्या आठवणीत एकदाच चुकला. निळ्या जोडीला सगळी निळीच पिल्लं होणार, असं त्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्यात एक ठसठशीत हिरवं निघालं. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. पाखरांनी काय तुम्हाला विचारून संसार करायचा का, असं काकूंनी सुनावलं, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्या मुलीनेच कबूल केलं, की एक हिरवा नर पिंजऱ्यात एकटाच बसलेला बघवेना, म्हणून तिने त्याला चार दिवस या जोडीत सोडला होता. काका रागावतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी फक्त मोठा श्वास सोडला आणि ताट वाढायला सांगितलं. शास्त्र शाबूत होतं.

ही मुलगी म्हणजे काकांचा जीव. हुशार, तरतरीत आणि चांगली सावळी. तेवढ्यावरून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं आलं भिवापूरच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांकडचं. मुलगा आणि त्याची आई आली. आम्ही शेजारी म्हणून बसलो होतो. आईने मुलीचे नाक-डोळे, शिक्षण, सगळ्याची तारीफ केली, मग रंगाशी येऊन अडखळली. तिने काकांची कीर्ती ऐकली होती. हसत हसत म्हणाली, "तुम्ही रंग सांगता म्हणे. मग आमच्या नातवंडांचा सांगा नं."

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थबकली. या विषयावर बोलायची एकही संधी काकांनी आजवर सोडली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला.

"बाई, पाखरांचा रंग मी सांगतो, कारण त्यांले त्याचं काही वाटत नाही," ते म्हणाले. "इथं माझी पोरगी ऐकून राहिली."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. हेही स्थळ गेलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात मुलगा उठला आणि पाखरं बघायची आहेत, असं म्हणाला. व्हरांड्यात मुलीने त्याला सगळ्या जोड्या दाखवल्या. आपण केलेला तो हिरव्या नराचा घोळही सांगितला असावा, कारण तो इतक्या मोठ्याने हसला, की त्याची आई उठून बघायला गेली. बराच वेळ ती मुलीच्या शेजारी उभी होती. परत आली तेव्हा तिने पोहे मागून घेतले. आठ दिवसांनी होकार आला.

मुलगी सासरी गेल्यावर काका पुड्या बांधत राहिले, पण व्हरांड्यातली बडबड कमी झाली. दोन वर्षांनी ती बाळंतपणाला आली. एका सकाळी काका सायकल रेटत दवाखान्यातून थेट आमच्या दारात आले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. माझ्या आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि नात कोणाच्या रंगावर गेली, ते विचारलं.

काकांनी साखर तशीच हातात धरली होती.

"पाहाचं राहूनच गेलं, वैनी," ते म्हणाले. "तिनं माझं बोट धरलं होतं."