अभिमन्यू जेवला होता का?

सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांना कडक भाकरी पुरवणारी सोजरबाई म्हणजे तोंडाची फटकळ. करमाळ्याकडनं लग्न होऊन आली, नवरा लवकर गेला, आणि वीस वर्षं भाकऱ्या थापून तिनं एकुलत्या एका अभिमन्यूला इंजिनियर केलं. तो इटलीला गेला तेव्हा बाईनं गल्लीभर पेढे वाटले. आणि तिथंच, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मिलानच्या दवाखान्यात तो वारला. विमानं बंद. आईला लेकाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

तेव्हापासून फोनवर तिथंच राहिलेल्या सुनेला, ऋतुजाला, तिचा एकच सवाल. "जाताना पोटात काय व्हतं का गं त्याच्या?" ऋतुजा म्हणायची, "आई, आवाज कट होतोय." नाहीतर, "ऑफिसचा फोन येतोय, नंतर बोलू." पाच वर्षं हेच. सोजरबाई काय दूधखुळी नव्हती. पण इतक्या लांबच्या माणसाला बोलतं कसं करायचं?

यंदा उन्हाळ्यात ऋतुजानं तिकीट पाठवलं. बाई गेली ती तो सवाल घेऊनच. पण सून तिला निवांत बसू देईल तर शपथ! आज तळं, उद्या चर्च, आणि परवा तर बोलोन्याजवळच्या खेड्यात चक्क स्वयंपाकाचा क्लास. "मला सैपाक शिकवत्यात? आरं द्येवा!" म्हणाली, पण गेली.

शिकवणारी फ्रांका सत्तरीची, मनगटं चांगली जाडजूड. सोजरबाईला ती बघताक्षणी आवडली. पास्त्यासाठी मैद्यात पाण्याचा थेंब नाही, नुसती अंडी फोडून मळायचं, हे बघून बाईनं कपाळावर हात मारला. पण एकदा मळायला बसली तर फ्रांकाबाई "ब्रावा, ब्रावा" करत राहिली. बारा वर्षांच्या नातीला, वैष्णवीला, आज्जीचा कोण अभिमान!

मग फ्रांकानं सगळ्यांचे गोळे गुळगुळीत करून अर्धा तास झाकून ठेवायला सांगितले. सोजरबाईनं आपल्या गोळ्यावर चार बोटं रुतवली. फ्रांकानं हसून ते खळगे बुजवले. बाईनं पुन्हा रुतवली. फ्रांकानं पुन्हा बुजवले. आता मात्र बाई भडकली. "आगं ए बाई, हात लावू नगंस म्हन्ते न्हवं!"

"आज्जी, बोटं कशाला रुतवतेस?" वैष्णवीनं विचारलं.

"गुळगुळीत गोळा पिंडाचा असतो, बाळा. गेलेल्या मान्साचा. खायच्या पिठावर बोटं उमटवायची, म्हंजी ते जित्यांचं."

बाई काय म्हणतात, असं फ्रांकानं ऋतुजाला विचारलं. ऋतुजा सांगायला गेली, दोन शब्द बोलली आणि पुढचं तिच्या तोंडून निघेना. ती खुर्ची ओढून बसली.

"आई, तो उपाशी गेला."

बाईनंही खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली.

"दवाखान्यात न्यायच्या आधी चार दिवस त्याला घास उतरत नव्हता. तिथं तर तोंडावर मशीन. शेवटचा मेसेज आला, भूक लागलीय, आईसारखी भाकरी कर. मी केली हो. पण मला दारातनं आत सोडलं नाही. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

सोजरबाईच्या काळजाचं पाणी झालं. अख्ख्या पेठेला भाकरी घातली आणि पोटचं पोर उपाशी गेलं! तिला हंबरडा फोडायचा होता. पण समोर ऋतुजा बसलेली, पिठानं माखलेल्या हातांनी तोंड झाकून हुंदके देत होती, आणि बाईच्या मनात एकाएकी दुसरंच आलं.

"आनि तू गं? तू जेवत व्हतीस का त्या दिसांत?"

ऋतुजानं नुसती मान हलवली. नाही. पाच वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, सख्ख्या आईनंसुद्धा नाही.

तासाभरानं पास्ता टेबलावर आला. सोजरबाईनं सुनेची ताटली ओढली आणि चारचौघांत, हातानंच, एकेक घास तिच्या तोंडात घालत राहिली. "रडत रडत खा, पन खा," म्हणाली. ऋतुजानं सगळी ताटली संपवली. सोजरबाईच्या घशाखाली मात्र त्या दिवशी पाण्याशिवाय काही उतरलं नाही.