बायकोच्या मेंदूचा हललेला फोटो

बायकोला जाऊन आता वर्ष होत आलं. गावात अजून विचारतात, एवढी थकलेली बाई कोल्हापूरला नेऊन त्या मशिनीत कशाला घातली. पोरगाही तेव्हा हेच बोलला होता. म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत. माझं अक्षर मलाच वाचवत नाही. पण त्या डॉक्टरीणबाईंबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे.

आमचं गाव कुरुंदवाडच्या जवळ, नदीकाठचं. ऊस आणि म्हशी. तिला विसरायचा रोग झाला, अल्झायमर म्हणतात त्याला. धार काढून झालेल्या म्हशीखाली ती परत बादली घेऊन बसायची. म्हैस लाथ झाडायची आणि ही म्हशीवरच चिडायची. तोवर मी हसत होतो. मग एक दिवस मीच तिच्या डोक्यातनं गेलो. पोरगा ओळखू यायचा, सून ओळखू यायची, मी नाही. मी रानातनं आलो की ती डोक्यावर पदर घ्यायची आणि म्हणायची, "बसा पावणं. मालक रानात गेल्यात, येतील एवढ्यात."

सुरुवातीला मी ओरडलो. "अगं मीच मालक हाय की." ती घाबरून परड्यात जाऊन उभी राहिली. त्यानंतर ओरडलो नाही. म्हणायचो, "येऊ द्यात. मला घाई न्हाय." ती चहा करायला सांगायची सुनेला, पाहुण्यासाठी.

कोल्हापूरला ज्या डॉक्टरीणबाई तिला तपासत होत्या, त्या मेंदूच्या फोटोंवर अभ्यासही करत होत्या. एकदा त्यांनी मला आणि पोराला बसवून सांगितलं, "एक मोठा फोटो काढायचाय. त्याचा काकूंना काही फायदा होणार नाही. पुढं दुसऱ्या कुणाला होईल, तोही होईलच असं नाही. नको म्हणालात तरी औषध चालूच राहील."

पोरगा म्हणाला, "फायदा न्हाय तर मग कशाला?"

मला मात्र बाई आवडल्या. आयुष्यभर मला माल विकणाऱ्या प्रत्येकानं फायदाच सांगितला होता.

मी विचारलं, "फोटो कशाचा?"

त्या म्हणाल्या, मेंदूतही पाणी खेळतं. रक्ताच्या नळ्यांच्या कडेकडेनं जातं आणि दिवसभराचा कचरा धुऊन नेतं, झोपेत जास्त. या रोगात एक चिकट घाण मागं साचते. ती वाहून नेणाऱ्या वाटा कशा आहेत, ते बघायचंय.

"म्हंजे निचरा," मी म्हणालो. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी पाजून पाजून रानं फुगली, वर पांढरं मीठ फुटलं, मग चर खणून भोकांच्या पायपा पुरल्या तेव्हा कुठं परत ऊस उभा राहिला. "निचरा बंद झाला म्हणून तिला रोग झाला व्हय?"

"तेच माहीत नाही, काका. निचरा तुंबला म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून निचरा तुंबला. तेच शोधतोय."

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाय."

"नाही माहीत."

एवढी शिकलेली बाई आणि 'नाही माहीत' असं सरळ म्हणाली. मान खाली घातली नाही की वर केली नाही. मग मी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. "त्या फोटोत मी दिसंन काय? म्हंजे तिच्या डोक्यात मी कुठं शिल्लक हाय का, ते?"

पोरगा लाजला. बाई हसल्या नाहीत. "नाही, काका. पाणी दिसतं, वाटा दिसतात. आठवण दिसत नाही."

तरी मी हो म्हणालो. का, ते सांगतो. कुठूनतरी कळेल अशी आशा होती. त्यांनी 'दिसणार नाही' म्हणून सांगितलं तरी होती.

फोटोच्या दिवशी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. ती मंगळसूत्र सोडेना. "मालक हाईत माझं अजून," ती सिस्टरला म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. सिस्टरनं ड्रॉवर उघडला. आत दोऱ्यात बांधलेली हळकुंडं होती, आधीच करून ठेवलेली. एक गळ्यात बांधलं, तेव्हा तिनं मंगळसूत्र काढू दिलं. जोडव्यांच्या जागी बोटांना पिवळा दोरा. डॉक्टरीणबाईंनीच करून ठेवायला सांगितली होती ती हळकुंडं. मशीन बांधणाऱ्याला हे सुचलं नसतं.

मशीन म्हणजे आडवा बोगदा. माणूस आत, पाय तेवढे बाहेर. आवाज असा की पत्र्यावर कुणी कुदळी हाणतंय. कानात बोळे घातले तरी ती घाबरली, पाय थरथरायला लागले. हललं की फोटो वाया. बाई म्हणाल्या, "काका, आत येऊन पाय धरता? ओळखीच्या हातानं माणूस शांत पडतं. खिशात लोखंड नाही ना?" कोपरीच्या खिशातनं अडकित्ता निघाला. बाई म्हणाल्या, "हा आत गेला असता तर मशिननं ओढून घेतला असता, तुमच्या खिशासकट." माझ्याही कानात बोळे घातले.

मी आत गेलो आणि तिचे पाय धरले.

आमच्याकडं नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. चुकून लागला तर बाईच उलटी पाया पडते. एकदा तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मी सुई घेऊन बसलो तर ती लंगडत जावेकडं गेली, पण मला पाय दिला नाही. हे सगळं मला त्या वेळी आठवलंच नाही. थरथर थांबवायची एवढंच डोक्यात होतं.

थरथर थांबली. मग एकदम तिनं दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि उठायला गेली. पलीकडं काचेमागं मशीनवाल्यानं बटण दाबलं. आवाज बंद झाला आणि बोगद्यातनं तिचं बोलणं आलं.

"अवो, पाय काय धरतायसा माझं? मला पाप लागंल की."

अवो. मला ती दुसरं काही म्हणतच नव्हती कधी, लग्न झाल्यापासनं रोग होईपर्यंत. दुसऱ्या कुणालाही अवो म्हणत नव्हती.

माईकवर मशीनवाला म्हणाला, "मॅडम, परत सगळं पहिल्यापासनं घ्यावं लागणार. बाहेर पेशंट थांबलेत." डॉक्टरीणबाई आत आल्या. मी म्हणालो, "मॅडम, तिनं मला हाक मारली." त्यांनी माझ्याकडं बघितलं, ती निजली होती ती फळी बाहेर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "बोला तुम्ही. फोटोचं नंतर बघू." आणि मशीनवाल्याला हातानंच थांब म्हणाल्या.

मी तिच्या तोंडाजवळ वाकलो. माझ्या कानातले बोळे काढले, तिचेही काढले.

"म्हसरास्नी वैरण टाकली काय?" तिनं विचारलं.

"टाकली की."

"मग हितं काय करालाईसा? माणसं बगत्यात."

"तुला न्यायला आलोय."

"चला मग. पदर कुठाय माझा?"

एवढंच. त्यानंतर ती छताकडं बघायला लागली आणि मी परत कुणीच नव्हतो. परत तसं कधी झालं नाही, मरेपर्यंत.

दुसऱ्यांदा पाय बाईंनी स्वतः धरले. मला बाहेर काचेमागं उभं केलं. एवढी मोठी डॉक्टर, आमच्या भेगाळलेल्या टाचा हातात घेऊन शेवटपर्यंत स्टुलावर बसून होती. बायकोनं हूं की चूं केलं नाही. मला बरं वाटलं आणि रागही आला, की माझ्या हाताला हलतीस आणि हिच्या हाताला न्हाय.

नंतर त्यांनी दोन्ही फोटो दाखवले. चांगल्यात पांढऱ्या बारीक रेघा होत्या, पाण्याच्या वाटा. पहिला सगळा पाण्यात दगड टाकल्यासारखा.

"ह्येचं काय करणार?" मी विचारलं.

"अभ्यासाच्या कामाचा नाही. का बिघडला ते लिहून ठेवायचं."

"काय लिवणार?"

"रुग्ण हलला."

"येवढंच?"

"त्या रकान्यात तेवढीच जागा असते, काका," त्या म्हणाल्या, आणि संगणक बंद न करता तशाच बसून राहिल्या, मला बघू देत. मी बघितलं पोटभर. कसं ओळखलं तिनं, हेही विचारलं. त्याही वेळी त्या म्हणाल्या, "नाही माहीत."

ती गेल्यावर त्यांचा फोन आला. कामाचं काही बोलल्या नाहीत, जेवलात का विचारलं. मीच म्हणालो, रोग नसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटोही तुम्हाला ताडून बघायला लागतात ना, मग माझा घ्या. परवा जाऊन आलो. आतल्या आवाजाची मला भीती वाटली नाही. उठल्यावर त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही जरासुद्धा हलला नाहीत."

"मला आता कोण हलवणार?" मी म्हणालो. "तुमच्या कामाचं हाय न्हवं? मग परत बोलवा."