मुगाएवढी गाठ

मुलुंडच्या एका लॅबमध्ये संघमित्रा बावीस वर्षं गाठींचे पातळ काप काचेवर चढवते आहे. हात हलका, जीभ फटकळ. नऊ वर्षांपूर्वी शेजारची इरावती गळ्यातून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट न्यायला आली, तेव्हा संघमित्रा म्हणाली होती, "अगं, मुगाएवढी तर होती! अशा गाठी कुठे पसरतात?" इरावती निर्धास्त झाली आणि तिने पुढच्या तपासण्या टाळल्या. कॅन्सर मानेत पसरला, मग फुप्फुसात. त्यातच ती गेली.

गेल्या महिन्यात नव्या मार्करच्या, म्हणजे गाठीचा धोका दाखवणाऱ्या रंगचाचणीच्या, अभ्यासासाठी मेणात जपलेल्या जुन्या गाठी बाहेर निघाल्या. ज्या गाठीला पसरण्याचा धोका जास्त, तिचा काप तपकिरी होतो. इरावतीचा काप संघमित्राच्या डोळ्यांदेखत गर्द तपकिरी झाला. नऊ वर्षांनी त्या वाक्याला इरावतीने उलट उत्तर दिलं होतं जणू.

तेव्हापासून संघमित्राच्या डब्यात मुगाची उसळ नसते.

काल खिडकीशी एक मुलगी गळ्यावरची पट्टी चाचपत विचारत होती, "ताई, लहानच होती ना गाठ?"

जुनंच वाक्य संघमित्राच्या ओठांवर आलं. ते गिळून ती म्हणाली, "ते माझ्या तोंडून ऐकू नकोस. आधी रंग येऊ दे."