पूजेतले बूट

सोमला राठोडला कारंज्याच्या जिनात सगळे वस्ताद म्हणत. कुस्तीचा वस्ताद नव्हे, फुटबॉलचा. कापसाच्या गावात फुटबॉलचा वस्ताद कशाला हवा, असा प्रश्न गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांना पडत असे आणि ते तो चारचौघांत विचारतही. कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात एक पाय ओढत चालणारा लमाणी माणूस रोज संध्याकाळी अकरा कामगारांना माळावर पळवतो, आणि हीच त्याची नोकरी, हे त्यांच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

पण सोमल्याने पोटासाठी दुसरं काही केलंच नव्हतं. धनजजवळच्या तांड्यातून तो ऐन विशीत नागपूरला गेला तो एका मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायला. एका रविवारी मिलच्या संघाचा डावीकडचा गडी लग्नाला गेला तो परतलाच नाही, म्हणून कुणीतरी याला उभं केलं. त्या दिवसानंतर सोमल्याने गाठ उचलली नाही. हजेरीत तो कामगार, पण काम एकच, खेळायचं. आठ वर्षं तो अनवाणी खेळला. घोट्याला कापडाची पट्टी गुंडाळायची आणि डाव्या कडेने सुटायचं. त्याला अडवायला धावलेले कितीतरी गडी मैदानाबाहेरच्या लोकांत जाऊन पडले.

मग आपला देशाचा संघ परदेशात थंडीत अनवाणी खेळून सडकून मार खाऊन आला, आणि फर्मान निघालं की यापुढे बुटाशिवाय खेळ नाही. चामड्याचे जड बूट आले. सोमल्याच्या पायाला चेंडू कळत होता, बुटाला कळेना. पाव क्षण उशीर व्हायला लागला, आणि त्या पाव क्षणात एका दांडग्या बॅकने त्याचा डावा गुडघा आतून फोडला. मिलने मोठ्या मनाने गळ्यात हार घातला, चार शब्द बरे बोलले आणि घरी पाठवलं. मैदानावर ज्याला हजारो लोक नावाने हाका मारत, तो मूर्तिजापूरला गावाकडच्या छोट्या गाडीत बसला तेव्हा त्याला खिडकीची जागाही कुणी दिली नाही.

कारंज्याच्या जिनाचे मॅनेजर हिरालालजी यांनी त्याला नागपूरला खेळताना पाहिलं होतं. चोपन्न साली त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि जिनाचा संघ उभा करायला सांगितलं. सोमल्याने तो केला. इंजिनावरचे, वजनकाट्यावरचे, गाठी बांधणारे असे गडी त्याने निवडले, शिव्या घालघालून तयार केले. त्यांत त्याच्या विधवा बहिणीचा, रुपाबाईचा मुलगा दौलतसिंगही होता. डाव्या कडेने तो पळायला लागला की सोमला नजर दुसरीकडे वळवत असे. आपलंच काहीतरी कुणी चोरून नेतंय असं त्याला वाटायचं, आणि त्याच वेळी छाती भरूनही यायची.

सत्तावन्न साल उजाडलं आणि मालकांचं मन फिरलं. हिरालालजींनी सोमल्याला बोलावून सरळ सांगितलं, "वस्ताद, यंदा दसऱ्याच्या सामन्यांची ढाल आली पाहिजे. नाही आली तर संघ बंद. मग तुम्हाला गाठींवर जावं लागेल." त्या गुडघ्याने गाठ कशी उचलणार हे दोघांनाही ठाऊक होतं. हिरालालजींनी अकोल्याहून अकरा जोड बूट मात्र आणून दिले. सोमल्याने महिनाभर एरंडेल चोळून ते मऊ केले, गड्यांच्या पायांना सवय लावली, आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत आला. समोर अकोल्याच्या एका मिलचा संघ, गेल्या वर्षीचा विजेता. बरोबरी झाली तर ढाल त्यांच्याकडेच राहायची, म्हणजे जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला होता.

इथे वस्तादाने माती खाल्ली. खंडेनवमीला जिनात हत्यारांची पूजा मांडली जाई. इंजिन, पाने, हातोडे, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू. सोमल्याच्या मनाने घेतलं की आमचं हत्यार काय कमी आहे? अकरा जोड बूट, चेंडू आणि हवा भरायचा पंप त्याने पाटावर ओळीने मांडले, स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. जुने मिस्त्री मारोतराव पूजेचे प्रमुख. त्यांनी कौतुकाने मान डोलावली. पूजेतलं हत्यार दसऱ्याला सूर्य मावळतीला कलून सीमोल्लंघन होईपर्यंत हलवायचं नाही, हा जिनाचा नेम होता. सामना दुसऱ्या दिवशी, तेव्हा त्याची कुणाला फिकीर नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी बारा वाजता निरोप आला. अकोल्याच्या गड्यांना पहाटेच्या गाडीने परतून पाळी धरायची आहे, तेव्हा सामना आजच, चार वाजता.

सोमला लंगडत पूजेच्या खोलीकडे गेला. संघ दाराशीच उभा होता, आत कुणी पाऊल टाकत नव्हतं. गोलात उभा राहणारा चंपत सगळ्यांत थोराड, काट्यावर काम करणारा. तोच बोलला.

"वस्ताद, बुटाले हात नाई लावत आमी."

कुणी हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दोन वर्षांपूर्वी दसऱ्यालाच एका मुकादमाने पूजेतला पाना काढायला लावला होता, पाण्याचा पंप अडला म्हणून. पाना काढणाऱ्या गड्याचा हात त्याच दुपारी पंपाच्या पट्ट्यात गेला. तो हात या अकरांपैकी सहा जणांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि चंपतने तो कापडात गुंडाळला होता.

"मारोतराव, तुमी आत्ताच उत्तरपूजा करून टाका," सोमला म्हणाला.

"सूर्य कलल्यावर. पयले नाई," मारोतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्यापुढे बोलायची सोय नव्हती. "तुले कोन सांगतलं होतं बूट मांडाले?"

सोमल्याने पंचाकडे माणूस धाडला, आज अनवाणी खेळू द्या म्हणून. माणूस पळत गेला आणि पळत परतला. बूट नाहीत तर सामना नाही, आणि सामना नाही तर ढाल अकोल्याची. तीन वाजून गेले. माळावर ताशा वाजायला लागला होता, लोक झाडांवर चढून बसले होते, आणि हिरालालजी मंडपातून दर घटकेला निरोप पाठवत होते. तीन वर्षं ज्यासाठी घसा फोडला ते सारं एका पाटावर हळदकुंकू लेवून बसलं होतं, आणि ते तिथे त्यानेच बसवलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग तो चपला काढून आत गेला. पाटासमोर वाकला, डोकं टेकवलं आणि दोन्ही हातांनी बूट उचलले.

"पूजा म्या मांडली, उचलतो बी मीच," बाहेर येऊन तो म्हणाला. "तुमी हात लावू नका. पायात बी मीच घालून देतो. दोष लागला त मले लागन. बसा."

कुणी बसेना. वस्तादाने आपल्या पायांना हात लावायचा, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. शेवटी दौलतसिंग भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने पाय पुढे केला. सोमल्याने दुखरा गुडघा कसाबसा मुडपला, भाच्याचा पाय मांडीवर घेतला, बूट चढवला, नाडी आवळून गाठ मारली. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. चंपत शेवटी बसला आणि बूट घालून होईपर्यंत त्याने दुसरीकडे पाहिलं. बाविसावा बूट बांधून सोमला उठायला गेला तेव्हा गुडघा उघडेना. दोघांनी धरून उभा केला.

मारोतराव दारातच होते. ते हळूच म्हणाले, "सोमल्या, दोष असा सांगून आंगावर घेता येत नाई. तो ज्याले लागाचा त्यालेच लागते."

ही बातमी संघाच्या आधी मैदानावर पोचली. रुपाबाई कडेला बायकांत उभी होती. तिने भावाचा हात धरला. "दादा, मले एकच लेकरू हाये," एवढंच ती म्हणाली. सोमल्याने हसून मान हलवली. "काई होत नाई. खेळ आहे तो." त्याने अकरा गड्यांना हेच सांगितलं होतं, तेही हसून.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात सोमल्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. जिनाचा गडी पडला की लोक त्या गड्याकडे पाहत नव्हते. ते वस्तादाकडे पाहत होते. गडी उठला की एक सुस्कारा सगळ्या माळावरून फिरायचा. विसाव्या मिनिटाला अकोल्याने गोल केला, तेव्हासुद्धा लोक एवढे हळहळले नाहीत. पुढे चंपतने झेप घेतली, खांबावर कपाळ आदळलं आणि रक्त आलं. सगळा माळ चिडीचूप झाला. मारोतराव मंडपाच्या दोरीला धरून उभे होते. चंपतने कपाळ पुसलं, हात झटकला, उभा राहिला.

मध्यंतरानंतर दौलतसिंगने बरोबरी साधली. डावीकडून आत शिरून, मामाच्याच पद्धतीने. ताशेवाल्यांनी ताशे बडवले, हिरालालजी खुर्चीवर उभे राहिले. सोमल्याला मात्र गोल धड दिसलाच नाही. तो त्या वेळी भाच्याच्या घोट्यांकडे पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर त्याची नजर चेंडूवर ठरत नव्हती. समोरच्याचा पाय कुठे पडतो, आपला गडी कुठे उतरतो, कुणाचा गुडघा कुणीकडे वळतो, एवढंच त्याला दिसत होतं. आणखी एक गोल हवा होता, आणि तो झाला नाही तर आपण उद्या रस्त्यावर आहोत, हे तो मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होता. तसं म्हणूनही चेंडू दिसेना.

शेवटची दोन मिनिटं उरली. चेंडू दौलतसिंगकडे आला, आणि तो सुटला. एक गडी मागे पडला, दुसरा मागे पडला. आता मध्ये अकोल्याचा बॅक खेमा तेवढा उरला होता, आणि त्याच्यामागे गोल. खेमा म्हणजे सहा फुटी धिप्पाड गडी. सामना सुरू झाल्यापासून तो चेंडूआधी माणूस गाठत होता. तो तिरका धावत आला, शेवटच्या क्षणी दोन्ही पाय पुढे टाकून जमिनीवरून घसरला, आणि त्याच क्षणी मैदानाच्या कडेवरून आवाज आला.

"दौलत्या, सोड!"

आवाज वस्तादाचा होता. तीन वर्षं त्या आवाजाचं ऐकायची सवय लागलेला पोरगा, विचार करायच्या आधीच त्याने उडी मारून पाय उचलले. खेमा बाजूने घसरत गेला. चेंडू एकटाच रेषेबाहेर गेला. माळावर कुणाला काही कळेना. मग शिट्टी वाजली, एकास एक, आणि अकोल्याच्या गड्यांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं.

हिरालालजी मंडपातून चालत आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "वस्ताद, पोरगा एकटा होता," ते म्हणाले. "समोर गोल होता. तुम्ही त्याला सोड म्हणालात. मालकांना मी काय सांगू?" आणि ते मंडपाकडे निघून गेले. दिवाळीच्या आधीच संघ बंद झाला. सोमला पुढे जिनात गाठी मोजायच्या कामावर लागला, उचलण्याच्या नाही, एवढी हिरालालजींनी रदबदली केली. फुटबॉलला त्याचा पाय पुन्हा लागला नाही. पण त्या दसऱ्याच्या संध्याकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं.

सूर्य कलला तसे लोक सीमोल्लंघनाला निघाले. आपट्याची पानं देताना गडी वस्तादाच्या पाया पडत होते, पण डोळ्याला डोळा देत नव्हते. दौलतसिंग सगळ्यांच्या मागे राहिला. लोक पुढे गेल्यावर तो मामाजवळ आला. पायातले बूट अजून तसेच होते.

"काहून बोलले मामा?"

"खेमा तुह्या पायावर येऊन राह्यला होता."

"तो मले लागला नसता. म्या त्याले पयलेच चकवलं होतं. माहा पाय तिथं नव्हताच."

सोमल्याची नजर भाच्याच्या बुटांवर गेली. दुपारपासून तो अकरा जणांना सांगत होता की काही होत नाही, भ्यायचं कारण नाही, दोष माझा. ते त्याचं ऐकून खेळले होते. विश्वास बसला नव्हता तो एकट्या त्याचाच.

"मालूम आहे मले," तो म्हणाला. "दिसलं होतं मले. गोलच होता तो."